डब्याचं पहिलं भोक

पूल बांधणारा इंजिनिअर नातवाला पुलावर नेऊन उभा करू शकतो. डॉक्टरांना बाजारात लोक थांबवून नमस्कार करतात. माझ्या कामाचं यश म्हणजे कुठल्याशा कारखान्यात, कुठल्याशा दिवशी, काहीही झालं नाही. हे दाखवायचं कुणाला आणि कसं? माझी नात एकदा शाळेत 'माझी आजी' या विषयावर बोलून आली. "माझी आजी बॅटऱ्यांना जमिनीपासून लांब ठेवते," असं तिने वर्गात सांगितलं. बाईंचा समज झाला की आमचं बॅटऱ्यांचं दुकान आहे आणि पावसाळ्यात मी माल फळीवर चढवते. पालकसभेत त्यांनी धंदा कसा चाललाय म्हणून चौकशी केली. मी बरा चाललाय म्हटलं. नातीचं वाक्य शब्दशः बरोबर होतं, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

कारखान्यांना लागणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांची विजेची आखणी करणं हे माझं काम. आता निवृत्त आहे, उलव्याला राहते, आणि कुणी फोन केला तर जाते. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिचाच मोठा अवतार डोळ्यांपुढे आणा. बंदरावर दिसतो तसला लोखंडी कंटेनर, आत दोन्ही बाजूंना कपाटं, कपाटांत बॅटऱ्या, त्यांना गार ठेवायला एसी. वीज असताना त्या भरून घ्यायच्या आणि वीज गेली की कारखाना त्यांच्यावर चालवायचा. बॅटऱ्या एकीला एक जोडत गेलं की आठशे व्होल्टच्या आसपास मामला जातो. शिवाय घरातली वीज सेकंदाला कितीतरी वेळा शून्यावर येऊन जाते, त्यामुळे ठिणगीला विझायला सवड मिळते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. तिची ठिणगी एकदा धरली की सुटत नाही, आणि तांबं पाघळेपर्यंत जळत राहते.

आता 'जमिनीपासून लांब' म्हणजे काय ते सांगते. वीज जिथून निघते तिथेच तिला परत जायचं असतं. तुमच्या घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक तार तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला बांधलेली असते. म्हणून दुसऱ्या तारेला हात लागला की वीज तुमच्या अंगातून जमिनीत उतरते आणि जमिनीतून आपल्या घरी जाते. आमच्या बॅटरीचं प्लस आणि मायनस, दोन्ही आम्ही जमिनीला बांधत नाही. कंटेनरचा पत्रा, कपाटं, दारं हे सगळं जमिनीला पक्कं जोडलेलं असतं. बॅटरीची दोन टोकं तेवढी मोकळी ठेवतो. त्यामुळे एखादी केबल घासली आणि तिचं तांबं पत्र्याला टेकलं, तरी विजेला परतीची वाट मिळत नाही. काही होत नाही. कारखाना चालू राहतो, आणि ही रचना करण्याचं कारणही तेच आहे.

तेलाचा पत्र्याचा डबा आठवा. त्याला एकच भोक पाडलं आणि डबा उलटा केला तर तेल धड येत नाही, थेंब थेंब अडखळतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार लागते. आमच्या बॅटरीचं तसंच आहे. पहिल्या भोकाला काही होत नाही. दुसरं भोक विरुद्ध बाजूला पडलं, म्हणजे प्लस आणि मायनस दोन्ही जमिनीला लागले, की सगळी बॅटरी त्या वाटेने एकदम रिकामी व्हायला निघते. वाटेत फ्यूज असतो, पण तो उडेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. (हे वाचून कुणी एका टोकाला बोट लावून बघायला जाऊ नये. पहिलं भोक आधीच पडलेलं नाही, हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही.) डब्याचं हे उदाहरण माझ्या डोक्यातून आलेलं नाही. ते कुणाचं, हे पुढे येईल.

म्हणून अशा प्रत्येक बॅटरीला आम्ही एक राखणदार देतो. भिंतीवर एक छोटी डबी, तिला एक पडदा आणि एक भोंगा. प्लस किंवा मायनस यांचा जमिनीशी कुठे संबंध आला का, एवढंच ती रात्रंदिवस बघत बसते. संबंध आला की भोंगा वाजतो. आता गंमत अशी की भोंगा वाजतो तेव्हा बाकी सगळं व्यवस्थित चालू असतं. दिवे लागलेले, मोटरी फिरताहेत, एसी गार. माणूस इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, "काय नाय होत." माझ्या सगळ्या नोकरीत मला या तीन शब्दांइतकी भीती कशाची वाटली नाही, कारण ते खरे असतात. पहिल्या वेळी खरंच काही होत नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एक शेठ होते. त्यांना बॅटरीचा कंटेनर आग्नेय कोपऱ्यातच हवा होता. विजेची काही हरकत नव्हती, म्हणून मी आग्नेयेला ठेवला. सहा महिन्यांनी सहज गेले तर भोंग्याला टॉवेल गुंडाळलेला आणि वरून चिकटपट्टी. "मॅडम, बजता बहोत है, होता कुछ नहीं," शेठ म्हणाले. टॉवेल सोडला तर आतून तो मांजरासारखा केविलवाणा कुंईकुंई करत होता. दोष सापडला, काढला, शेठनी पेढे दिले. टॉवेल मात्र त्यांनी घडी घालून कपाटात ठेवला, पुन्हा लागेल म्हणून.

अशी माणसं मला चालतात. निष्काळजी माणूस काही करत नाही, आणि पहिल्या भोकानंतर काही न करणाऱ्याला निदान थोडा वेळ तरी मिळतो. मला जी गोष्ट सांगायची आहे ती काळजी घेणाऱ्या माणसाची आहे. त्याचं नाव शिंदे, आणि त्याचे दोन्ही हात, कदाचित जीवही, त्याच्या काळजीपायी जाणार होते.

तळोज्याच्या बाजूला हिराताईंचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. हिराताई सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या. सासू पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकायची, हिराताईंनी बर्फापासून सुरुवात केली आणि आता त्यांची कोळंबी बोटीने परदेशी जाते. अंगावर सोनं, हातात दोन मोबाईल, आणि आवाज लिलावात घडलेला. त्या शेजारच्या माणसाशी बोलल्या तरी फाटकावरचा वॉचमन उठून उभा राहतो. कोल्ड स्टोरेजची वीज गेली तर आतला माल म्हणजे त्यांचं सगळं भांडवल, म्हणून त्यांनी बॅटरी घेतली आणि तिची आखणी माझ्याकडे आली.

शिंदे त्यांच्याकडे विजेचे सुपरवायझर. कोरेगावकडचे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत झालेली, निवृत्तीनंतर इकडे लागले. इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर, आणि अर्थिंगवर नितांत श्रद्धा. आमच्या धंद्यात 'अर्थ' म्हणजे जमीन. पैशाशी किंवा शब्दकोशाशी त्याचा संबंध नाही. कोल्ड स्टोरेजच्या आवारातल्या अर्थिंगच्या खड्ड्यांना, म्हणजे पट्ट्या जमिनीत उतरतात त्या जागांना, शिंदे रोज सकाळी स्वतः पाणी घालायचे. बाकीचे लोक तुळशीला घालतात तसं. बॅटरी ताब्यात देताना मी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"म्याडम, हिचा अर्थ कुठंय?"

"बॉडीला आहे. ही बघा पट्टी."

"बॉडीचा बगितला. बॅटरीचा कुठंय?"

"बॅटरीला नाही. मुद्दाम ठेवलेला नाही."

शिंद्यांनी मान डोलावली. ती 'कळलं'ची मान नव्हती, 'तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्या तोंडाला कोण लागणार'ची होती. मी पुन्हा एकदा सांगितलं, त्यांनी पुन्हा डोलावली.

पुढच्या हंगामात एक दिवस तो भोंगा वाजला. पडदा पुरवणाऱ्या कंपनीने कामगारांना वाचता यावं म्हणून सूचना मराठीत केल्या होत्या. मराठीत केल्या म्हणजे देवनागरीत लिहिल्या. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'अर्थ फॉल्ट'. आमच्या भाषेत त्याचा मतलब असा की बॅटरीची एक बाजू कुठेतरी जमिनीला लागली आहे, ती सोडवा. पण कारखान्याची भाषा वेगळी असते. तिथे 'मोटर फॉल्ट' म्हणजे मोटर बिघडली. 'फॅन फॉल्ट' म्हणजे पंखा बिघडला. मग 'अर्थ फॉल्ट' म्हणजे काय? अर्थिंग बिघडलं. शिंद्यांनी वाचलं ते अगदी बरोबर वाचलं, आणि उलटं वाचलं. जमिनीचा संबंध तोडायला सांगणारी सूचना त्यांना संबंध घट्ट करायला सांगत होती.

त्यांनी खड्डा उकरला. नवं मीठ, नवा कोळसा घातला, बादल्या ओतल्या, मीटर लावून तपासलं. खड्डा उत्तम होता. भोंगा वाजतच राहिला. कोळंबीचा माल भरायला गाड्या लागल्या होत्या आणि हिराताईंच्या डोक्याला ती कटकट नको होती.

"काम सगला चालू हाय ना?" त्यांनी विचारलं.

"चालू हाय," शिंदे म्हणाले.

"मंग वराडते कशाला ती? काय नाय होत. गोनपाट टाक तिच्यावर."

वॉचमनने गोणपाट टाकलं. सगळ्या आवारात ते बघून ज्याला अन्न गोड लागेना असा माणूस एकच होता. शिंद्यांनी दोन दिवस विचार केला आणि ते एका निष्कर्षाला आले. खड्डा चांगला, पट्टी चांगली, बॉडी चांगली. मग बिघाड कुठे? बॅटरी मुळात अर्थला जोडलेलीच नाही, हाच बिघाड. एक्स्चेंजमध्ये बॅटरीचं प्लस नेहमी जमिनीला बांधलेलं असतं. ती तिथली रीत आहे आणि तिथे ती योग्यच आहे. तेव्हा प्लसला अर्थ द्यायचा, की डबी गप्प बसेल.

मी त्या दुपारी घरी वाल सोलत बसले होते. उलव्याला आता डोक्यावरून विमानं जातात आणि फोन वाजला तरी ऐकू येत नाही, पण तेव्हा नेमकं आभाळ शांत होतं.

"म्याडम, शिंदे बोलतोय. एक विचारायचं हुतं. पट्टी पंचवीस बाय तीनची चालंल, का पन्नासची घालू?"

"कशाला घालताय?"

"त्ये अर्थ फॉल्ट आलंय न्हवं. प्लसला अर्थ मारतोय. खड्ड्याकडची बाजू आवळून झाली, आता फकस्त हिकडची राहिली. म्हटलं साईज एकदा म्याडमना विचारावी."

वालाचं ताट मी बाजूला सारलं. भोंगा वाजतोय म्हणजे एक बाजू आधीच जमिनीला लागलेली. ती मायनस असेल, तर हा माणूस उघड्या लोखंडी पट्टीचं टोक हातात घेऊन आठशे व्होल्टच्या प्लसला टेकवणार. दुसरं भोक. तेही स्वतःच्या हाताने, मनगटापासून वीतभर अंतरावर.

"शिंदे, हात लावू नका! शिंदे, थांबा!"

"हालू? म्याडम, आवाज येत न्हाई, मी आत हाय," शिंदे म्हणाले आणि फोन बंद झाला. लोखंडी कंटेनरमध्ये शिरलं की मोबाईल मरतो. मी पुन्हा लावला, लागेना.

मग हिराताईंना लावला. त्या तिथेच आवारात, माल चढवायच्या धक्क्यावर गाडी भरून घेत होत्या. मी एवढंच म्हटलं, "हिराताई, शिंदे बॅटरीत आहेत, त्यांना हात काढायला सांगा, आत्ता, मरतील ते." का, कशाला, असं हिराताईंनी काही विचारलं नाही. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी आवाज लावला.

"ए शिंदेऽऽ! हात काऽऽड!"

माझा कान दिवसभर वाजत होता. नंतर कळलं की ती आरोळी ऐकून धक्क्यावरच्या हमालांनीही हातातली खोकी खाली ठेवली होती. जिथे मोबाईलची रेंज पोचली नाही तिथे लिलावाचा आवाज पोचला. पट्टीला धरलेले शिंदे होते तसे थांबले.

मी गाडी काढून तळोज्याला गेले. तोवर हिराताईंनी शिंद्यांना कंटेनरच्या बाहेर एका खोक्यावर बसवून ठेवलं होतं आणि समोर स्वतः कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. शिंदे रागावलेले होते. चांगलं काम करताना चारचौघांत ओरडा खाल्लेल्या माणसाचा राग.

"ब्रेकर पाडला हुता मी," ते मला म्हणाले. "जेवणाच्या टायमाला काम काढलं. हातमोजे घातले. काय चुकलं माझं?"

काही चुकलं नव्हतं. पण ब्रेकरच्या पुढची वीज बंद होते, मागे बॅटरी असते आणि बॅटरीला स्वतःला बंद करायचं बटण नसतं. मी वाद घातला नाही. त्यांना आत नेलं, त्यांच्याच हातात मीटर दिला, एक सुई प्लसला लावायला सांगितली आणि दुसरी कंटेनरच्या पत्र्याला. डोळ्यांत तेल घालून राखलेल्या त्यांच्या त्या अर्थिंगच्या पत्र्याला. दोन्ही बाजू मोकळ्या असत्या तर तिथे पूर्ण आकडा कधीच आला नसता. मीटरवर सगळेच्या सगळे आठशे आले. म्हणजे मायनस पत्र्याला चिकटलेलं होतं, आणि पट्टीचं टोक लागलं असतं तर प्लसही चिकटलं असतं.

शिंदे आकड्याकडे बघत राहिले. बॅटरीखोलीत आयुष्य काढलेला माणूस, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी सुया नीट काढल्या, गुंडाळल्या, मीटर बंद केला, बाहेर येऊन पुन्हा त्या खोक्यावर बसले आणि दोन्ही हात खिशांत घातले. बराच वेळ त्यांनी ते बाहेर काढलेच नाहीत.

मी एकमेकांशी असलेले जोड काढून कपाटं एकेक सुटी केली आणि दोष शोधला. एका कपाटाची मायनसची केबल खालच्या पत्र्यातल्या खाचेतून वर येते, तिथे पत्र्याची धार लागू नये म्हणून रबरी कडं असतं. ते कडं घुशींनी खाल्लेलं होतं. मासळीच्या कारखान्यातल्या घुशी, त्यांना रबरालाही मासळीचाच वास येत असणार. एसीच्या थरथरीने केबल त्या धारेवर घासत घासत उघडी पडली होती. केबल बदलली, नवं कडं बसवलं, भोवती जाळी मारली. भोंगा गप्प झाला आणि वॉचमनने सवयीने गोणपाट पुन्हा टाकलं, ते मी काढायला लावलं.

खरा पेच पुढे होता. हिराताईंनी मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे त्यांच्या मते. शिंद्यांसकट सगळ्यांना ऐकू जात होतं.

"बाय, मी त्याला सोमवारपासून येवू नको सांगनार. आज वाचला. उद्या परत काय करल ते कुनी सांगावा? त्याचे घरी मी काय तोंड दाखवू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या घाबरल्या होत्या आणि घाबरल्याचं सांगता येत नव्हतं, म्हणून काढून टाकायची भाषा चालली होती. मी म्हटलं, "हिराताई, तुमच्या आवारात भोंगा वाजला तेव्हा तुम्ही गोणपाट टाकायला सांगितलंत. वॉचमनने टाकलं. हा एकटा माणूस त्याच्या मागे लागला. त्याला काढलंत तर उरतील ते सगळे गोणपाट टाकणारे."

हिराताईंनी पदराने डोळे पुसले. मग शिंदेच खोक्यावरून बोलले, कुणाकडे न बघता.

"एक्स्चेंजला आमचा एक गडी हुता. कपाटाच्या बॉडीला अर्थ सुटला हुता, कुणी बगितलं न्हाई. दार उगडाय गेला तो तितंच गेला. माज्या मांडीवर. तवापासनं मी कुठंबी गेलो तर आदी अर्थ बगतो. ह्या बॅटरीला न्हाई म्हटल्यावर मला झोपच लागंना वो." थोडं थांबून म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं चुकीचं करत आलो का म्या?"

"नाही," मी म्हटलं. "तिथे ते बरोबर होतं, आणि बॉडीला अर्थ इथेही हवाच. फक्त या बॅटरीला नको. ही वेगळी आहे."

हे उत्तर बरोबर असलं तरी भुकेल्या माणसाला पाककृती वाचून दाखवावी तसं होतं. ते सुधारलं हिराताईंनी. त्यांनी आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवलं. जेवणाची वेळ टळून गेली होती, पण कोळंबी तळायला घ्यायला लावली. आचाऱ्याने तेलाचा नवा डबा काढला आणि कोपऱ्यात टोचा मारून भोक पाडलं. डबा वाकडा केला, तेल थेंब थेंब येऊ लागलं.

"आरं, दुसरा पाड की समोर," हिराताई त्याच्यावर ओरडल्या. मग हात तसाच वर ठेवून थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बाय, तुजी बॅटरी अशीच हाय ना? एक भोक पडला तरी काय सांडत नाय. दुसरा पडला का सगला सांडतो."

शिंद्यांनी डब्याकडे पाहिलं, मग खिशातून हात काढले आणि कोळंबीचं ताट पुढे ओढलं. "असं सांगायचं न्हवं म्याडम पयल्याच दिवशी," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा मान डोलावली, आणि ती मान वेगळी होती. सोमवारपासून येऊ नको हा विषय त्यानंतर निघाला नाही.

निघाला तो दुसराच. "मंग पडद्यावर त्याला समजल असा लिवा ना," हिराताई म्हणाल्या. "अर्थ बोलले तर तो अर्थच लावनार. त्याचा काय चुकला?" त्यांनी पडदा पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, जरी त्यांना स्पीकरची गरज नव्हती. तिकडे एक मुलगी होती, बोलायला गोड. 'अर्थ फॉल्ट' काढून 'पहिलं भोक पडलं आहे' असं लिहायला तिची तयारी होईना.

"मॅम, 'भोक' थोडं अनप्रोफेशनल वाटतं. 'छिद्र' चालेल का?"

"छिद्र कोन बोलतं गो? तू घरी डब्याला छिद्र पाडतेस?"

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. मग अडचण निघाली की पडद्यावर एवढी अक्षरं मावत नाहीत. बऱ्याच काटछाटीनंतर 'पहिलं भोक. शोधा.' एवढं मावलं. ते आजही तिथे आहे. बाहेरचे तपासनीस येतात, पडद्यावरच्या सूचनांची यादी वाचतात आणि भुवया उंचावतात. कंपनीच्या इंग्रजी पुस्तकात त्याचा खुलासा नाही. मी इतकी वर्षं रेखाटनं काढली, हजारो रेषा ओढल्या, त्यांतलं माणसांच्या तोंडी काही राहिलं असेल तर हे एवढंच, आणि तेही हिराताईंचं.

मला खंत वाटते ती थोडी निराळी आहे. आम्ही आखणी करणारे दोष आला तर वीज कुठून कुठे जाईल याचा फार बारीक विचार करतो. दोष आला तर माणूस कुठून कुठे जाईल, याचं रेखाटन कुणी काढत नाही. शिंद्यांसारखा माणूस आपल्या जुन्या दुःखाकडून थेट प्लसकडे निघाला होता, आणि माझ्या कागदावर त्या वाटेत एकही फ्यूज नव्हता.

परवा नात माझ्याकडे होती. विमान गेलं, आवाज ओसरला, आणि फोन वाजत असल्याचं तिला आधी कळलं. शिंदे होते. आता तेही थकलेत, हाताखाली दोघंजण दिलेत हिराताईंनी त्यांना, पण खड्ड्यांना पाणी स्वतःच घालतात.

"म्याडम, काल पयलं भोक पडलं हुतं. लगीच बंद करून शोधलं. प्लसची केबल हुती, दाराच्या बिजागरीपाशी. बुजवलं. काय झालं न्हाई."

त्यांच्या मागून तो आवाज आला. नातीने दचकून माझा हात धरला.

"ए शिंदे! काय झालाच नाय, तर मंग त्यांना फोन कशाला केलास?"

"काय झालं न्हाई, हेच सांगाय केला," शिंदे म्हणाले.

नातीने विचारलं, कोण होतं, काय झालं? मी तिला जवळ बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं.